गवारीची पूड आणि पिठलं

बायको उकळत्या पाण्यात एका हाताने बेसन पेरत होती, दुसऱ्याने ढवळत होती. मला आमच्या प्रयोगशाळेच्या कॅन्टीनमधल्या सुशीलामावशी आठवल्या.

खडकात अडकलेलं खनिज तेल पुढे ढकलायला पाणी दाट लागतं. त्यासाठी एकदा संध्याकाळी मी गवारीच्या बियांची पूड पाण्यात बदाबदा ओतली. नुसत्या गुठळ्या! खडकाचा एकच नमुना उरलेला, तो या पाण्याने तुंबलाच असता. आणि सकाळी साहेबांना प्रयोग दाखवायचा.

चहा घेऊन आलेल्या मावशी पातेल्यात डोकावल्या. "इंजिनेरसाहेब, पिठलं कधी केलंत का घरी? चिमटी-चिमटीनं पेरा, अन् हात थांबवू नका."

मी नव्या पाण्यात तशीच पूड पेरली. सकाळी नमुन्यातून तेल ठिबकलं. साहेबांनी माझी पाठ थोपटली. मी निर्लज्जपणे थोपटून घेतली.

अजूनही पिठलं ताटात पडलं, की आधी मनातल्या मनात मावशींना नमस्कार करतो, मगच भाकरी मोडतो.