जब्बारभाईंचा पुठ्ठा

जब्बारभाई लॅपटॉप उघडण्याआधी त्याला हात लावून बघत, तोही पालथा, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा. शारजात, रोल्ला भागातलं त्यांचं लॅपटॉप-दुरुस्तीचं दुकान एवढंसं. दोन गिऱ्हाइकं आली तर एकाला बाहेर उन्हात थांबावं लागे. माणूस रत्नागिरीकडचा, पूर्वी एसी दुरुस्त करायचा. सव्वीस वर्षं इथे काढली, बायकोमुलं मात्र गावी. गेल्या वर्षी ते कायमचे परत गेले, आणि मला त्यांची फार आठवण येते.

पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले ती रडकुंडीला येऊन. नवऱ्याचा पगार कापला गेला होता, मुलीच्या शाळेची फी झेपत नव्हती. मला शिक्षिकेची नोकरी मिळाली नाही, तर लेकीला घेऊन मी नाशिकला जायचं आणि नवऱ्याने इथे एकटं राहायचं, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी अकराला ऑनलाइन मुलाखत होती, त्यात स्क्रीनवर धडा शिकवून दाखवायचा होता. आणि माझा लॅपटॉप दहा मिनिटांत तापून बंद पडत होता.

त्यांनी खालचं झाकण काढून फुंकर मारली. पांढरं पीठ उडालं.

"ताई, यात भाकऱ्या थापता काय?"

मी ओशाळले. ओट्यावर परातीशेजारी लॅपटॉप ठेवूनच माझी धड्यांची तयारी चाले.

"बिघाड मशीनमध्ये नसतो, घरात असतो," ते म्हणाले. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "परवा एक आला. एसी अठरावर, अंगावर रजई, रजईवर लॅपटॉप! माणूस थंड नि मशीनला ताप. बोला आता!"

त्यांनी पीठ साफ केलं, चिपची उष्णता खेचून घेणारी पेस्ट वाळली होती, ती बदलली. पण आतला पंखाच अखेरच्या घटका मोजत होता, नवा दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. दुकानातले बाकीचे लॅपटॉप सगळे पेशंट.

"सकाळी इथेच या. टेन्शन खलास."

सकाळी त्यांनी ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी शटर खाली ओढलं. टेबलफॅनचा आवाज माइकमध्ये जाईल म्हणून पुठ्ठा घेतला आणि कॅमेऱ्यात दिसणार नाही असे टेबलाच्या कडेला जमिनीवर बसले. मी अपूर्णांक शिकवत होते आणि साठीचा हा माणूस माझ्या लॅपटॉपला वारा घालत होता. चाळीस मिनिटं. मध्ये त्यांना शिंक आली, ती त्यांनी टोपीत दाबली.

शेवटी मुख्याध्यापिकांनी विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय? मी नाही म्हणणार, तोच खालून कुजबुज आली. मी घाईने माइक बंद केला.

"लेकीला बिनफी घेतात काय, विचारा. मी एकटा राह्यलो, ताई. भावजींना नका तसं ठेवू."

मी माइक चालू करून विचारलं. शिक्षिकेच्या एका मुलाला आम्ही फी लावत नाही, बाई म्हणाल्या, सोमवारी रुजू व्हायला याल तेव्हा तिचेही कागद घेऊन या.

खाली पुठ्ठा क्षणभर थांबला. मग इतक्या जोराने हलू लागला की टेबलावरचे माझे सगळे कागद उडाले.