पुसलेले ठसे

आमच्या घरामागचा चढ संपला की वनखात्याचं कुंपण लागतं. आत राखीव रान आहे. एक घळ, घळीच्या तोंडाशी सिमेंटचा पाणवठा, त्याच्या वरच्या अंगाला लोखंडी मनोरा, बाकी सगळं गवत, घाणेरी आणि खात्यानं लावलेली झाडं. मी मंचरला शाळेत शिकवते. रविवारी सकाळी दुर्बीण आणि वही घेऊन या रानात जायचं, हा माझा नऊ वर्षांचा नेम आहे.

वहीत पाखरांच्या ऋतूप्रमाणे नोंदी आहेत. जूनमध्ये नवरंग येतो, घळीत शीळ घालतो आणि दिसत मात्र लवकर नाही. पावसाळा सरला की पाणवठ्याच्या काठावर धोबी शेपट्या हलवत फिरू लागतात. दिवाळीनंतर भोरड्यांचे थवे ज्वारीवर उतरतात. थंडी वाढली की घळीत स्वर्गीय नर्तक दिसतो, लांब पांढऱ्या शेपटीचा. एखाद्या वर्षी आठवडाभर राहतो, एखाद्या वर्षी एकदाच.

त्या नोव्हेंबरात मी त्याच्याचसाठी गेले होते. पाणवठ्याच्या कडेला ओल्या मातीत पाहिलं तर ठसे होते. चार बोटं, मागे गादी, नखं उमटलेली नाहीत. शेजारी तसेच लहान ठसे, एकावर एक पडलेले. बिबट्याची मादी आणि पिल्लं. आसपास ऊसतोड सुरू झाली होती, म्हणजे उसातून उठून ती वर रानात आली असणार.

आमच्या भागात बिबट्या नवा नाही. उसाच्या कडेनं जाताना बायका मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावतात, काही जणी बिबट्यानं मान धरू नये म्हणून गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला बसतात. ठसे दिसले की राखणदाराला सांगायचं, राखणदारानं गावाला सांगायचं, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण दोन वर्षांपूर्वी बिबट्या दिसल्याची बोलवा उठली तेव्हा कोणीतरी रानाच्या कडेचं गवत पेटवून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या राखेत मी टिटवीची अंडी पाहिली होती, तडकलेली. ते डोक्यात होतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. गलका झाला असता तर नर्तक घळीत थांबला नसता.

मी वहीत लिहिलं, ‘बिबट्या, मादी, पिल्लांसह.’ मग निरगुडीची फांदी मोडली आणि ठसे पुसून टाकले.

बुधवारी अकराच्या सुमाराला शाळेत नवऱ्याचा फोन आला.

“वहिनी सकाळी गवताला गेलीय वर. अजून आली नाय. तुझ्याकडं काही बोलली व्हती का?”

वहिनी म्हणजे माझी थोरली जाऊ. खातं दर वर्षी या दिवसांत गवत कापू देतं. एरवी चार-पाच बायका मिळून जातात, पण त्या दिवशी बाकीच्या कांद्याच्या लागवडीला गेल्या होत्या. जाऊ एकटीच गेली होती आणि मोबाइल घरी चार्जिंगला होता.

“तुम्ही फाटकाशी थांबा,” मी म्हटलं. “आत जाऊ नका. मी येते.”

“का?”

फोनवर मला ते सांगता आलं नाही. मुख्याध्यापकांना विचारून मी स्कूटी काढली. हायवेला कांद्याच्या गाड्यांची रांग होती. दोन ट्रकांच्या मधून गाडी काढताना एकदा पाय टेकून थांबावं लागलं. लग्न होऊन आले तेव्हा चूल पेटवता येत नव्हती म्हणून सासूबाई रागावल्या, तर ही जाऊ मला बाजूला सारून स्वतः चुलीपुढे बसली होती. ते सारखं समोर येत होतं.

फाटकाशी नवरा, मोठे दीर आणि रानाचे राखणदार उभे होते. राखणदारांना सगळे तात्या म्हणतात. पन्नाशी उलटलेला माणूस, कमी बोलणारा. रविवारी ते सुट्टीवर होते.

“रविवारी पाणवठ्यावर ठसे होते,” मी म्हटलं. “मादीचे. पिल्लं आहेत बरोबर.”

मग तात्या म्हणाले, “मी सोमवारी बघितलं की बाई. मला तर काय दिसलं न्हाई.”

“मी पुसले ते.”

मोठे दीर माझ्याशी सहसा थेट बोलत नाहीत, आमच्या घरची तशी रीत आहे. तेव्हाही ते भावाकडेच बघून म्हणाले, “इचार तिला, कशापायी?”

नवऱ्यानं विचारलं नाही.

दीर डबा वाजवत आत शिरायला निघाले. तात्यांनी त्यांचा दंड धरला. “पाटील, पिल्लाची आई हाय. खालनं रेटली तर वर सरकंल, आन् वर वहिनी आसंल तर?” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, तुमाला पाखरांचं कळतं. ती पिल्लाची आई कुठं बसलीय ते त्यांच्या वरडण्यावरनं आईका आन् सांगा.”

आम्ही चौघं आवाज न करता वर निघालो. मी पुढे होते. रानात एरवी दिवसा बारीकसारीक आवाज चालू असतात. त्या दिवशी खालच्या बाजूला ते होते. टिटवी नेहमीसारखी बोलत होती, होले घुमत होते. घळीच्या तोंडाशी मात्र सातभाईंचा थवा सारखा कलकलत होता. सातभाई साप बघून ओरडतात, मांजर बघून ओरडतात, पण मग पुढे सरकतात. हे एकाच झाडावरून ओरडत होते. वरून वानर मध्येच खक् करून खोकत होता.

“मनोऱ्याजवळ आहे,” मी म्हटलं.

थोडं पुढे कापलेल्या गवताचा अर्धा भारा पडला होता. शेजारी विळा आणि एक चप्पल. मोठे दीर खाली वाकले आणि चप्पल हातात घेऊन तसेच उभे राहिले.

मी दुर्बीण लावली. मनोऱ्याच्या वरच्या फळीवर जाऊ बसली होती. गुडघे पोटाशी, तोंडावर पदर. तिनं आम्हाला पाहिलं होतं. ओरडली नाही. तिनं फक्त बोट खाली दाखवलं, मनोऱ्याच्या पायाशी असलेल्या घाणेरीच्या जाळीकडे. जाळीत काही दिसत नव्हतं. मग पिवळट असं काहीतरी हललं आणि थांबलं.

तात्यांनी आम्हाला पन्नासेक पावलं मागे घेतलं आणि एका खडकाआड बसवलं. “शिडीच्या तोंडाशी पिल्लं हायती. तिला आपून दिसलो, आता ती हितं ठिवायची न्हाई. उचलून न्हेईल. तवर कुणी हलायचं न्हाई.”

उन्हं डोक्यावर आली होती. दिरांचा श्वास मला ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं मादी जाळीतून बाहेर आली, मानेला धरलेलं पिल्लू तोंडात घेऊन. आमच्याकडे एकदा बघितलं आणि घळीतून वर गेली. सातभाईंचा कलकलाट तिच्या मागोमाग वर सरकत गेला आणि थांबला. मग पुन्हा खाली येऊ लागला.

“आली,” मी म्हटलं.

तिनं दुसरं पिल्लू उचललं आणि तशीच वर गेली. या वेळी आवाज लांबवर जाऊन विरला. रान गप्प झालं.

मोठे दीर उठले. तात्यांनी त्यांना खाली ओढलं आणि मला विचारलं, “बाई, पिल्लं किती व्हती? दोन का तीन?”

मला सांगता येईना. लहान ठसे एकावर एक पडले होते, आणि मी ते मोजले नव्हते. पुसायची घाई होती. मातीत ते असते तर तात्यांनी एका नजरेत सांगितलं असतं.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“मग कशाला बसायचं?” दीर म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलत होते. “गेली की ती.”

मी पुन्हा दुर्बीण लावली. जाऊ आमच्याच दिशेला बघत होती आणि तिनं एक हात वर धरला होता. मला आधी वाटलं, बोलावते आहे. मग नीट पाहिलं. तीन बोटं होती.

“तीन,” मी म्हटलं. “ताई तीन म्हणतात.”

दीर खाली बसले. आम्ही वाट बघितली. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, मी घड्याळ बघितलं नाही. पाय बधिर झाले होते. सातभाई ओरडले नाहीत, टिटवीही नाही. ती या वेळी कुठून आली ते मला कळलंच नाही. एकदम शिडीपाशी उभी दिसली. दीर उठून गेले असते तर त्या वेळी ते बरोबर तिथे असते. तिनं तिसरं पिल्लू तोंडात धरलं, वर फळीकडे बघितलं आणि निघून गेली.

तात्यांनी आणखी बराच वेळ आम्हाला बसवून ठेवलं. मग त्यांनी हात केला आणि जाऊ एक-एक पायरी बघत खाली उतरली. तिचा तळपाय कापला होता. दिरांनी तिच्यापुढे चप्पल ठेवली. ती म्हणाली, “पाणी हाय का?” पाणी कोणीच आणलं नव्हतं.

ठसे कोणी पुसले ते तिला वाटेतच कळलं. ती लंगडत पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी गावातल्या शाळेच्या पटांगणात गाव जमलं. मी उभी राहून सगळं सांगितलं. कोणी म्हणालं, शिकल्याल्या माणसानं असं करावं का. एक म्हातारी म्हणाली, हिला पाखरू माणसापरीस मोठं वाटलं. मी मान्य केलं, कारण त्या रविवारी ते तसंच होतं. गवतकापणी बंद झाली, पिंजरा लागला, महिनाभर रिकामा राहिला आणि मग काढला. गवत मात्र कोणी पेटवलं नाही. तात्यांनी फाटकाला फळा लावला. रानात काय दिसलं ते मी रविवारी त्यावर लिहिते आणि त्याआधी त्यांना फोन करते.

जाऊ संक्रांतीपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. संक्रांतीला आम्ही दोघी तीळ निवडत बसलो होतो तेव्हा तिनं आपणहून विषय काढला.

“वर बसल्या बसल्या एकच इचार येत व्हता,” ती म्हणाली. “गवताला चारी जणी येणार व्हतो. आमच्यातल्या धाकलीच्या कडंवर लेकरू आसतं. ती आली आसती तर?”

ती तीळ निवडत राहिली. मग म्हणाली, “मला तू सांगायचं व्हतंस. गावाला न्हाई तर न्हाई. मला तरी.”

“हो ताई.”

तिनं सूप माझ्याकडे सरकवलं आणि ती दूध उतू जातंय का ते बघायला आत गेली. त्यानंतर ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलते, हसतेही. रानात मात्र ती परत आलेली नाही. मी एकदा म्हटलं होतं, चला, नर्तक आलाय, दाखवते. ती म्हणाली, तू जा.