शेपूट कापलेलं प्रकरण

कादंबरीतलं प्रकरण कुठे संपवावं, यावर मला आजवर पुष्कळ जणांनी अक्कल शिकवली आहे. त्यातल्या एकानेही कादंबरी लिहिलेली नाही. पण पुण्यात हे चालायचंच. पोहता न येणारा माणूससुद्धा इथे काठावर उभा राहून हात कसे मारायचे ते सांगतो.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्याकडे पाहुणा "निघतो हं" म्हणून उठतो तेव्हा काही निघत नाही. बरोबरच्या बाईला हळदीकुंकू लावून होतं, लिफ्ट वर येते, रिकामी परत जाते, आणि मग दारात उभं राहून तो खरं काय ते बोलतो. मुलीचं लग्न मोडलं, डॉक्टरांनी गाठ आहे म्हणून सांगितलं, जे सांगायला आला होता ते. आत सोफ्यावर बसून झालेल्या सगळ्या नुसत्या पोह्यांच्या गप्पा. माझ्या कादंबऱ्यांमधलं प्रत्येक प्रकरण असंच संपतं. घटना घडून जाते, वाचक उठायला लागतो, आणि मग मी त्याला दारात थांबवून आणखी थोडं बोलते. ज्यांना ते रेंगाळणं वाटतं त्यांनी खुशाल दुसरं काही वाचावं, मी काही धरून ठेवलेलं नाही.

शेवटची कादंबरी तर मी अशा एका शेवटासाठीच लिहिली. ती कुणाला वाचायला द्यायची होती तेही ठरलेलं होतं. माझ्या वडिलांना.

आई गेली त्या दुपारी बाबा घरी नव्हते. तिनेच त्यांना कसब्यात तांबटाकडे पिटाळलं होतं. आमच्या तांब्याच्या घंगाळाचं बूड गळत होतं, ते सांधून आणायला. "आज जातो, उद्या जातो करू नका, आत्ता जा," असं म्हणून. काम झाल्यावर बाबा तिथल्या एका जुन्या मित्राकडे चहाला बसले आणि गप्पांत रमले. मोबाइल घरीच राहिला होता. ते परत येईपर्यंत आई स्वयंपाकघरात पडली होती, शेजारी धावले होते, डॉक्टर येऊन गेले होते. सगळं संपलं होतं.

त्यांना तोंडावर कुणी काही बोललं नाही. आत्याने तेवढं तेराव्याला, "पण दादा होता कुठे त्या वेळी?" असं हळूच विचारलं, आणि ते बाबांना ऐकू गेलं. त्यानंतर त्यांनी चहा सोडला. विचारलं की म्हणायचे, ॲसिडिटी होते.

डॉक्टर मला म्हणाले होते, घरात कुणी असतं तरी काही उपयोग झाला नसता. मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तू माझी मुलगी. तू दुसरं काय म्हणणार?" खुंटला संवाद! आमच्या घरात प्रेमाने बोललेलं काहीही पुराव्यात धरत नाहीत.

म्हणून कादंबरी. बाबा भूगोलाचे मास्तर, छापलेल्यावर त्यांचा विश्वास. परक्या लोकांसाठी छापलेल्या पुस्तकात कोण कशाला कुणाची समजूत घालत बसेल? त्यातल्या एका प्रकरणात म्हातारा काखेत घंगाळ घेऊन जिना चढतो आणि दाराबाहेर त्याला चपलांचा ढीग दिसतो. घटना तिथे संपते. पण प्रकरण संपत नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी घंगाळात पाणी भरून बघते. गळत नाही. मग ती वडिलांना म्हणते, "तुम्ही घरी असतात तरी आई गेलीच असती. फक्त ते तुम्हाला बघावं लागलं असतं. तेवढं टळलं, याचंच मला बरं वाटतं. आता चहा प्या." आणि पुढचं प्रकरण दोन वर्षांनंतर सुरू होतं.

पुस्तक छापून होईपर्यंत बाबांचे डोळे गेले. पडद्याचा आजार. कडेकडेचं अंधुक दिसतं, समोरचं अक्षर नाही. मी वाचून दाखवलं असतं तर तो माझा आवाज झाला असता, म्हणजे पुन्हा "तू माझी मुलगी." तेवढ्यात एका ऑडिओ ॲपवाल्यांनी कादंबरी मागितली. मला वाटलं, देव पावला!

त्यांचा तरुण प्रोड्युसर कोथरूडला माझ्या घरी आला. "मॅम, एपिसोडच्या एंडला हुक लागतो. नाहीतर लिसनर ड्रॉप होतो."

"होऊ दे. माझी एकही ओळ कापायची नाही," मी म्हणाले.

"शुअर मॅम. डोन्ट वरी."

आमच्या पिढीत "बघू" म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. "शुअर मॅम" म्हणजेसुद्धा नाहीच, हे मला या वयात कळायचं होतं.

एका रविवारी धायरीला बाबांकडे गेले. ते एकटे राहतात. कादंबरी ऐकून झाली होती. मी जीव मुठीत धरून विचारलं, "कशी वाटली?"

"वाचणाऱ्या बाईंचा आवाज चांगला आहे," ते म्हणाले. मग म्हणाले, "चपलांपाशी थांबलीस."

"पुढचं नाही ऐकलंत?"

"ऐकलं की. पुढे दोन वर्षांनंतरचं आहे."

मी फोन ओढून घेतला आणि लावून बघितलं. म्हातारा जिना चढतो, चपलांचा ढीग दिसतो, आणि धाडकन ढोल वाजतो. पुढे काहीच नाही. एपिसोड खलास. मग भराभर बाकीचे एपिसोड लावले. प्रत्येक प्रकरणाचं शेपूट छाटलेलं. तिथूनच प्रोड्युसरला फोन लावला.

"मॅम, तो टेल पार्ट होता. स्टोरी पुढे जात नव्हती त्यात," तो म्हणाला. "आणि चपलांच्या एंडला काय कमेंट्स आल्यात! लोकांच्या अंगावर काटा आला."

त्याला मी काय काय बोलले ते इथे छापण्याजोगं नाही. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "नोटेड मॅम." मेल्याला एवढंच सुचलं.

मग बाबांच्या कपाटातली छापील प्रत काढली आणि तो शेवट मोठ्याने वाचला. वाचताना आवाज कापत होता. कापायला नको होता, पण कापत होता. घंगाळ, पाणी, "आता चहा प्या," सगळं वाचलं.

बाबा म्हणाले, "छान आहे. आत्ता सुचलं?"

"बाबा, पुस्तकात आहे हे! हे बघा," म्हणून मी पुस्तक त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी पानावरून तळवा फिरवला आणि पुस्तक मिटलं.

"पुस्तकात असतं तर त्या बाईंनी वाचलं असतं. बाकीचं सगळं नीट वाचलं त्यांनी."

"कापलंय हो त्या मेल्यांनी! सगळ्याच प्रकरणांचं कापलंय. शेजारच्या काकूंना बोलावते, त्यांच्याकडून वाचून घ्या."

"काकूंना कशाला? घरातलं घरात राहू दे."

मला रडू फुटलं. रागाने फुटलं, दुसऱ्या कशाने नाही. बाबांना वाटलं मी ओशाळले. ते माझ्या पाठीवर हात फिरवायला लागले. तेच माझी समजूत घालायला लागले!

"अगं, मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं सगळे मला सांभाळून घेत होते. तूसुद्धा. शेवटी माझी चूक तू एकटीने स्पष्ट लिहिलीस. मला बरं वाटलं. आता माझ्यासाठी ते बदलू नकोस."

आणि त्यांनी पुस्तक माझ्या हातात परत दिलं.