फिटनेस सर्टिफिकेटातली करुणा

"बाई, खिडकीवरचे साहेब कागद घेत नायत. म्हणतात, हा फॉर्मच नाय!"

फोनवर प्रतीक्षाची आई होती. दुपारचे साडेतीन. पाच वाजता मेडिकल कॉलेजची खिडकी बंद होणार होती आणि तिच्यासोबत प्रतीक्षाची एमबीबीएसची सीटही. अडलेला कागद मीच दिलेला.

तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. रत्नागिरीत तीस वर्षं दवाखाना चालवून माझी समजूत झाली होती, की डॉक्टर कोणी व्हावं हे देवाने मला विचारून ठरवावं.

लोकांना वाटतं, मेडिकल कॉलेज मुलांची सेवावृत्ती पारखतं. छे! 'नीट' या प्रवेशपरीक्षेचे मार्क बघतात, यादी लागते, मग मुदतीत ओरिजिनल कागद. एक कमी पडला तर सीट पुढच्याला. त्यातलाच एक म्हणजे मेडिकल फिटनेस सर्टिफिकेट. त्याचा छापील नमुना असतो. डॉक्टरने उंची, वजन, नजर, बीपी तपासून आकडे भरायचे, सही करायची, शिक्का मारायचा. दहा मिनिटांचं काम.

मी पाऊण तास घेतला. आदल्या दिवशी मायलेकी पहाटेच्या एसटीने मंडणगडहून आल्या होत्या. मी नमुना बाजूला सारला आणि मुलाखतच मांडली.

"डॉक्टर का व्हायचंय?"

"बायोलॉजीत मार्क चांगले पडतात."

हे मला पुरेसं उदात्त वाटेना. "पेशंट रडायला लागला तर?"

"आधी पाणी देईन."

"बांगडे साफ करता येतात?" सर्जनचा हात ओळखायची ही माझी खास पद्धत.

"येतात. पण मांजर मधे मधे येतं."

मी भारावले. लेटरहेडवर पानभर लिहिलं, 'या मुलीच्या डोळ्यांत करुणा आहे' वगैरे. खाली झोकदार सही. एवढ्या सुंदर पत्रावर जांभळा शिक्का कशाला, म्हणून तोही मारला नाही. आई बिचारी विचारत होती, "बाई, तो छापील कागद नको?" मी म्हटलं, "अहो, याच्यापुढे तो काय!"

आता फोन ठेवून बीपीचं मशीन, वजनकाटा, टेप, शिक्का आणि डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता घेऊन मी रिक्षात बसले. कोरा नमुना पर्समध्ये. कॉलेजात पोहोचले तेव्हा सव्वाचार झाले होते. प्रतीक्षा भिंतीला टेकून उभी होती. रडत नव्हती, पण माझ्याकडे बघतही नव्हती.

क्लार्क सभ्य माणूस. "मॅडम, पत्र छान आहे. मी दोनदा वाचलं. पण मुलीला दिसतं किती, ते कुठे लिहिलंय?"

"अहो, तिला माणसाचं दुःख दिसतं!"

"ते सहा बाय सहा दिसतं, की सहा बाय नऊ?"

मी तिथेच नोटीसबोर्डावर तक्ता टांगला. सहा मीटर अंतर हवं. फरशा दोन फुटी होत्या, दहा मोजल्या. प्रतीक्षाने वरच्या ओळी वाचल्या, पाचवीला अडखळली, पुढचं वाचता येईना. पाऊण तास मी त्या डोळ्यांत करुणा वाचत होते आणि पोरीला चष्म्याची गरज होती!

"सीट गेली?" तिने पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"नाही गो. चष्म्याने सुधारत असेल तर चालतं." पुठ्ठ्याला बारीक भोक पाडून त्यातून वाचायला लावलं. घडाघडा वाचलं. भोकातून सुधारलं की चष्म्याने सुधारणार, अशी ती साधी परीक्षा. बाकीचे आकडे भरले. तिचं बीपी ठीक होतं, माझं मोजलं नाही. शिक्का जरा जोरातच मारला.

पाचला दहा मिनिटं असताना क्लार्कने कागद घेतला. माझं पत्र मात्र परत केलं. "हे घरी ठेवा, मॅडम. फाईलमध्ये जागा नाही."

प्रतीक्षा आता तिसऱ्या वर्षाला आहे. तेव्हापासून फिटनेससाठी कोणी आलं, की मी आधी तक्ता दाखवते, मग वजनकाट्यावर उभं करते. करुणा वगैरे कॉलेजने साडेपाच वर्षांत बघून घ्यावी. त्यांनाही काही काम नको का?