टेकडीपलीकडचा पाव

आरे कॉलनीतली टेकडीची वाट आज कशी आहे, असं मी रोज सकाळी कुणाला ना कुणाला विचारायचो आणि रोज एकच उत्तर यायचं. मस्त आहे. तबेल्यातला भैया म्हणायचा, एकदम बढिया. त्याच्या म्हशींना डबकी लागायची आणि ती भरलेली असायची. पाड्यावरून मोळी घेऊन उतरणारी बाई म्हणायची, बरी हाय की. तिच्या अनवाणी पायांत काटा गेलेला नसायचा. वॉचमन म्हणायचा, टेन्शन नाय, म्हणजे रात्रीत बिबट्या कुणाला दिसलेला नाही. खोटं कुणीच बोलत नव्हतं. पण त्यांच्यातल्या एकालाही सायकलच्या कॅरिअरवर पावाची पेटी बांधून ती टेकडी पार करायची नव्हती. ती मला करायची होती, आणि तीही दहाच्या चहाच्या आत.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली तसे ते गावी परत आले, आणि आठवीत शाळा सुटलेला मी काही वर्षांनी त्यांच्या उलट दिशेने मुंबईत आलो. मरोळला गावठाणातल्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या बेकरीत काम मिळालं. मालकांना सगळे अंकल म्हणायचे, मीही म्हणू लागलो. झोपायला मैद्याच्या पोत्यांशेजारी माळ्यावर जागा, आणि रविवारी आंटीच्या हातचं माशाचं कालवण. माझ्या सख्ख्या काकानेही मला कधी एवढं विचारलं नव्हतं. त्यामुळे मला सतत धास्ती असायची. उपकार झाले की माणूस निवांत होतो असं ज्यांना वाटतं, त्यांच्यावर कधी झालेले नसावेत. एक चूक होईल आणि काम, माळा, कालवण, सगळं एकदम जाईल, असंच मला वाटायचं.

टेकडीपलीकडे पाण्याच्या मोठ्या टाकीचं बांधकाम चाललं होतं. तिथे मजुरांचं कँटीन चालवणारा माणूस आमच्याच सावंतवाडीकडचा निघाला, म्हणून अंकलनी ते गिऱ्हाईक माझ्या हवाली केलं. त्याने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, पाव कोरडा पाहिजे आणि चहाच्या आधी पाहिजे. नाहीतर कुर्ल्याच्या एका बेकरीचा टेम्पोवाला त्याच्या मागे लागलेलाच होता. फक्त टेम्पोला लांबून वळसा घालून यावं लागायचं, तोवर चहा उरकलेला असायचा. म्हणजे माझं सगळं त्या वळशावर टिकून होतं.

सायकल मी गावी सड्यावर, जांभ्या दगडाच्या उघड्या माळावर शिकलो. आमच्या जांभ्याचं बरं असतं, पाऊस थांबला की पाणी पिऊन मोकळा. तासाभरात चाकाखाली करकर वाजायला लागतं. त्याच हिशेबाने मी आरेत निघालो. पाऊस केव्हाच उघडला होता, चांगलं ऊन पडलं होतं. डांबरी रस्ता सोडून वाटेला लागलो आणि थोड्याच वेळात चाकं फिरायची थांबली. तिथली माती चिकण. ती टायरला धरून वर जाते, टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये थापली जाते, वरून गवत चिकटतं, की चाक जाम. उतरून काडीने खरवडायचं, जरा पुढे जायचं, पुन्हा उतरायचं. ढकलावी तर चाक फिरत नाही, उचलावी तर ती जुनी काळी सायकल वासराएवढी जड.

मग मी डोकं चालवलं आणि दोन्ही मडगार्ड काढून ठेवले. चाकं फिरली. मी खूश. पलीकडे पोचलो तेव्हा कँटीनवाल्याने आधी माझी पाठ बघितली, मग पेटी. मागच्या चाकाने झाकणाच्या फटीतून आत व्यवस्थित सडा घातला होता.

"काय रे मेल्या, पाव आणलंस काय चिखल?"

पावाच्या वरच्या लाद्या त्याने बाजूला काढल्या, खालच्या घेतल्या. घेतल्या म्हणून मी त्याचे इतके आभार मानले की तोच वैतागला. म्हणाला, पाया कसला पडतोस, उद्या सुका आण.

त्यानंतरचा सगळा पावसाळा मी सायकल तबेल्यात भैयाकडे ठेवली आणि मेणकापडात गुंडाळलेली पेटी डोक्यावर घेऊन टेकडी चढलो. पाव कोरडा पोचायचा, वेळेत पोचायचा. पण बेकरीतले बाकीचे मला विचारायचे, सायकल तुला घेऊन जाते की तू सायकलला फिरवून आणतोस? अंकल काहीच बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं मी माळ्यावर पडून उलटसुलट करत राहायचो. त्यांनी चांगली सायकल दिली होती आणि मी ती म्हशींच्या शेजारी बांधून जात होतो.

गणपती गेले, पाऊस ओसरला. सगळे म्हणाले, आता तुला काय, मजाच मजा. मजा अशी की गवत छातीपर्यंत आलं. वाट खाली होती, पण ती पायांना कळायची, डोळ्यांना नाही. दगड लपलेले, पेडल कुठेही आपटायचं. गवताची पाती चेनमध्ये आणि फ्रीव्हीलमध्ये गुंडाळली जायची, ती नखांनी ओढून काढायची. त्यात ऑक्टोबरचं ऊन पडलं आणि पावसाळाभर म्हशींनी चिखलात तुडवलेले खुरांचे खड्डे विटेसारखे भाजून निघाले. त्यावरून सायकल घातली की हाडं खिळखिळी व्हायची. माझी झाली तर झाली, पण पेटीतल्या लाद्या धक्क्यांनी सुट्या होऊन भुगा पडायचा.

"आता पाव सोडवून पण देतंस," कँटीनवाला म्हणाला. "बरा झाला, माझा एक काम वाचला."

मी हसलो. हसण्यासारखं त्यात मला काही दिसत नव्हतं. मी फक्त त्याच्या चेहऱ्यावर टेम्पो दिसतोय का ते बघत होतो.

दिवाळीनंतर तबेल्यांसाठी गवत कापणारे आले आणि टेकडी मोकळी झाली. माणसांच्या जाण्यायेण्याने खुरांच्या खड्ड्यांचे काठ झिजले, सकाळच्या दवाने धूळ बसली. एके दिवशी वरच्या वळणावर आलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण अजून सायकलवरून उतरलोच नाही. घट्ट, किंचित ओलसर, तांबूस जमीन. ब्रेक दाबला की चाक ऐकायचं. वरून पवईच्या तलावावरचं धुकं दिसायचं, पण मी ते फार बघायचो नाही, कारण उताराला वाट जशी वळायची तसं अंग आपोआप वळायचं आणि ते मला जास्त बघण्यासारखं वाटायचं. कँटीनवाल्याचा स्टोव्ह पेटायच्या आधी मी दारात. तो म्हणाला, आज विमानाने आलास काय रे? एवढ्या वर्षांत त्याच्यासारखी शाबासकी मला कुणी दिलेली नाही.

एका सकाळी टेकडीच्या पायथ्याशी ट्रक उभा होता. टाकीच्या ठेकेदाराला आता मरोळच्या बाजूनेही सामान न्यायचं होतं. मजूर माझ्या वाटेवर खडी ओतत होते आणि फावड्यांनी पसरत होते. रोलर नंतर येणार होता. भैया तबेल्यातून हात हलवत आला. म्हणाला, तेरा तो रोड बन गया. पाड्यावरची बाईही म्हणाली, तुझं बरं झालं बाबा. वॉचमनने तर मला थांबवून हात मिळवला. कुणावर चिडायचं तेच कळेना. सुट्या खडीवर पुढचं चाक आपल्या मर्जीने वळतं. उतारावर ब्रेक लावला तर घसरतं, नाही लावला तर विचारायलाच नको. पहिल्या दिवशी पंक्चर झालं, दुसऱ्या दिवशी स्पोक तुटले. पेटी डोक्यावर घेऊन बघितलं, तर खडीवर पाय मुरगळायला लागला. रोज उशीर. रोलरची चौकशी केली तर ठेकेदाराचा मुकादम म्हणाला, आएगा ना यार, तेरेको क्या जल्दी है.

रोलर आला नाही. मी शेवटच्या उतारावर पेटीसकट आडवा झालो, कोपर सोलवटून निघालं. उठून लंगडत कँटीनला पोचलो तर दारात टेम्पो उभा. त्याला आता वळसा घालावा लागत नव्हता. खडीवरून चार चाकं आरामात येत होती. कँटीनवाला बाहेर आला. आज त्याने टोमणा मारला नाही, तेव्हाच मला कळलं.

"तुझो दोष नाय रे, झिला," तो म्हणाला. "पण रस्तो झालो मा आता."

भरलेली पेटी घेऊन मी परत निघालो. रस्ता झाला म्हणून माझी वाट लागली होती, आणि हे कुणाला सांगावं तर ऐकणारा हसला असता. सबंध टेकडी मी मनात बोलत उतरलो. अंकलना काय सांगायचं, कुठून सुरू करायचं, चिकण मातीपासून की खुरांपासून, की सरळ माफी मागून माळ्यावरची वळकटी बांधायची.

बेकरीत पोचल्यावर सगळं एकदमच बाहेर पडलं, भलत्याच क्रमाने. अंकलनी पेटीचं झाकण उघडलं, बंद केलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की लागलं कुठे. आंटीने मला स्टुलावर बसवून कोपर धुवायला घेतलं.

"उद्यापासून पीठ मळायला उभा राहा," अंकल म्हणाले. "टेकडी आपल्याला जमायची नाय."

तुला नाही म्हणाले, आपल्याला म्हणाले. काम राहिलं, माळा राहिला. त्या माणसाचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पण टेकडी मला जमत नव्हती, हे काही खरं नव्हतं. पावसात ती कशी वागते, गवतात कशी, उन्हात कशी, हे मला अंगाला लागून लागून कळलं होतं. खडी पडली नसती तर निदान होळीपर्यंत त्या वाटेवर माझ्यापुढे कुणी जाऊ शकलं नसतं. हे एकदा तरी सांगायला हवं म्हणून मी तोंड उघडलं. तेवढ्यात आंटीने टिंक्चरचा बोळा कोपरावर दाबला, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून अंकल म्हणाले, अरे, इथं पोरी पण काम करतात, शिव्या जरा हळू.