न आलेल्याचा तुकडा

"यल्ला, चल, शेंडेफळ, टेबलाखाली!" म्हणत ते सुरीच्या मुठीनं टेबलावर टकटक करायचे. दर जानेवारीत, स्टाफच्या जेवणघरात.

कतारमध्ये, वेस्ट बेमधल्या आमच्या हॉटेलात ते पेस्ट्री शेफ होते, मूळचे नाशिककडचे. मी मेन्यूकार्डं लिहायचे. बाकीचे त्यांना शेफ म्हणत. मी काका म्हणायचे, तेही हळूच. ते मराठीत बोलत; मला कळे, पण बोलायला बिचकून मी इंग्रजीत उत्तर देई.

नाताळ उलटला की फ्रेंच लोक बदामाचं सारण भरलेला, पापुद्र्यांचा गोल केक खातात. आत एक दाणा लपवतात; ज्याला तो मिळेल तो त्या दिवसाचा राजा. कुठला तुकडा कोणाचा, ते सगळ्यांत लहान माणूस टेबलाखालून सांगतं; आमच्यात ती मी. आणि एक तुकडा जास्तीचा कापतात, न आलेल्या माणसासाठी.

कार्डावर सोबतची वाइन कुठली लिहू, असं विचारलं तर म्हणायचे, "केकहून गोड असेल ती. जिलबीवर चहा प्यायलीस कधी? फिक्का लागतो ना?" स्वतः थेंबही घेत नसत. आम्हा स्टाफला द्राक्षाचा रस.

टेबलाखाली मला बरं वाटायचं. तिथं कोणी बघत नाही, त्यामुळे आवाज नीट फुटतो. समोर नुसते बूट, त्यांत काकांचे टाचेला झिजलेले.

दाणा कधीच कोणाला मिळाला नाही. "शेफ, फिर भूल गए!" वेटर ओरडायचे.

"बुढ़ापा है, भाई."

एकदा टेबल पुसायला मी मागे राहिले. काकांनी जास्तीचा तुकडा मोडला. आत कडवा वाल. कुठला तुकडा बाजूला ठेवायचा ते कळायला वरच्या पापुद्र्यावर त्यांनी सुरीची बारीक खूण केलेली होती. फोटो काढून त्यांनी मुलीला पाठवला. "राणी झाली माझी पोर."

"शी नेव्हर कम्स?"

"तिचं लग्न डिसेंबरात होतं. सीझनला सुट्टी मिळाली नाही. तेव्हापासून बोलत नाही." मोबाइलवर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही. "वाचते तरी," ते म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट खलास झालं. जाताना त्यांनी माझ्या हातावर मूठभर वाल ठेवले. "आता तिच्या दारात जाऊन उभा राहतो. उघडेल, इन्शाल्ला."

"ऑल द बेस्ट, काका," एवढंच मी म्हटलं.

या जानेवारीत केक नव्या शेफनं केला. जास्तीच्या तुकड्यात मी खालून वाल दाबला आणि फोटो पाठवला. पहिल्यांदाच मराठीत लिहिलं, "काका, राजा झालात. दार उघडलं का?"

एकच खूण उमटली, करडी. अजून एकच आहे, पोचल्याची दुसरी नाही. माझ्याकडे त्यांचा कतारचाच नंबर होता.