मोकळी कड

सर म्हणजे कर्वे रोडवरच्या आमच्या स्ट्रक्चरल कन्सल्टन्सीचे मालक. उभा जन्म त्यांनी पुस्तकातले तक्ते बघून स्लॅब डिझाइन केले. मग कॉम्प्युटर कंपन्या पुण्यात आल्या आणि त्यातल्या एकीच्या आर्किटेक्टनं विचित्र स्लॅब काढून पाठवला: तीन बाजूंना भिंत, चौथी कड मोकळी, मधोमध जिन्यासाठी भलंमोठं भोक. तक्त्यांनी हात टेकले. सरांनीही टेकले, कबूल मात्र केलं नाही. कागद माझ्या टेबलावर सरकवून म्हणाले, बघ काही जमतंय का.

मला जमलं. स्लॅबवर चौकोनांची जाळी आखायची, प्रत्येक बिंदू किती वाकेल ते शेजारच्या बिंदूंवरून मांडायचं आणि ती शेकडो समीकरणं कॉम्प्युटरकडून सोडवून घ्यायची. सांगायला सोपं आहे. मला सात महिने लागले. त्यात सगळे रविवार गेले आणि एक ठरत आलेलं स्थळही गेलं. स्थळाचं दुःख नाही. कडेच्या बिंदूंना बाहेरच्या बाजूनं शेजारी नसतो, म्हणून तिथे हवेत खोटे बिंदू धरावे लागतात. नसलेल्यांवर एवढा भरवसा ठेवणारी तू पहिलीच, असं सर म्हणायचे. मला ते कौतुक वाटायचं. काय म्हणावं माझ्या अकलेला!

या पद्धतीवर सरांनी एका परिषदेसाठी निबंध लिहायला घेतला. टायपिंग, आकृत्या, तक्ते सगळं माझं. निबंधावर आपलंही नाव येणार, या आनंदात मी आईला सांगूनही टाकलं. शेवटच्या आठवड्यात लक्षात आलं की एका तक्त्यात मी मोकळ्या कडेखाली भिंत धरून बसलेय, त्यामुळे तिथला वाक शून्य आलाय. तोंडचं पाणी पळालं. चूक दुरुस्त करून नवा प्रिंट सरांच्या हातात दिला, काय बदललं तेही नीट सांगितलं. हो हो, लावतो, म्हणाले.

परिषदेत छापील प्रत मिळाली. नाव एकट्या सरांचं. आभारात त्यांच्या सौभाग्यवती होत्या, मी नव्हते. आणि तक्ता जुनाच. अंगाचा नुसता तिळपापड झाला, तरी प्रोजेक्टरशेजारी उभी राहून मी त्यांच्या स्लाइड बदलत राहिले. व्याख्यान संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी शांतपणे विचारलं की कडेखाली भिंतच नाही, तर ती वाकत कशी नाही.

सरांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे हात केला. "ते गणित आमच्या ऑफिसातल्या मुलीनं केलंय. तिलाच विचारा."

सगळं सभागृह वळून बघायला लागलं. गणित माझं आहे हे त्यांनी चारचौघांत पहिल्यांदाच सांगितलं, तेही चूक निघाल्यावर. दुरुस्त तक्ता यांना आधीच दिला होता, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. मी मात्र फळ्याशी गेले आणि मोकळ्या कडेचं बरोबर समीकरण लिहून दाखवलं. प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "बाकीचं गणितही तुमचंच का?"

मी "हो" म्हणेपर्यंत सर हसत म्हणाले, "अजून शिकतेय आमच्याकडे."

लोक हसले. पुढच्याच महिन्यात मी नोकरी सोडून सॉफ्टवेअर कंपनीत गेले, स्लॅब सुटले ते कायमचे. सरांना मी कधीच माफ केलं नाही. पण त्या दिवशी लोकांबरोबर मीही हसले होते, आणि ते मला जास्त छळतं.